मोडायचं बटण

आईच्या पाटल्या वाचल्या त्या एका कॉम्प्युटर गेममुळे, असं मी सांगितलं की लोक हसतात. हसू देत. तो गेम बनवणाऱ्यांपैकी एक मी होते आणि पाटल्या कापायची वेळ आली तेव्हा आईच्या शेजारीही मीच बसले होते, त्यामुळे याबाबतीत माझ्याशी वाद घालण्यात अर्थ नाही.

त्या पाटल्या आजीने आईला लग्नात घातल्या होत्या. बिनफिरकीच्या, जाड, वरची नक्षी झिजून गुळगुळीत झालेली. दिल्लीत सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये माझं सगळं लहानपण गेलं. तिथे सकाळी मला जाग यायची ती त्या पाटल्या ओट्यावर आपटल्याच्या आवाजाने. आवाज आला की समजायचं, आई उठली, दूध तापतंय, अजून थोडं लोळायला हरकत नाही. आणि मी फ्रॉक घालत होते तेव्हापासून आई येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायची, "हिच्या लग्नात या मोडायच्या आणि हिला चांगला घसघशीत हार करायचा." शेजारच्या पंजाबी आंटींना ती हे हिंदीत सांगायची आणि गणपतीत भेटणाऱ्या मराठी बायकांना मराठीत. इतक्या वेळा सांगितलं की ते ठरूनच गेलं. एकदा ठरलेल्या गोष्टीबद्दल आमच्या घरात परत कुणी विचारत नाही. आईलाही कुणी विचारलं नाही.

बाबा निवृत्त झाले, क्वार्टर सोडावं लागलं आणि आम्ही नोएडाला नव्या सोसायटीत सातव्या मजल्यावर राहायला गेलो. नव्याचे नऊ दिवसही धड गेले नाहीत. निम्मे फ्लॅट रिकामे, समोर अजून दोन इमारतींचं बांधकाम, खिडकी उघडली की डाळीत सिमेंट. क्वार्टरमध्ये आई चपला सरकवून पाच मिनिटांत बाजारात पोचायची आणि तासाभराने तीन जणींची गाऱ्हाणी ऐकून परत यायची. इथे खाली उतरलं तर भेटणार एक गार्ड, आणि तोही विचारणार, "मॅडम, किससे मिलना है?" आपण इथेच राहतो हे आईने त्याला किती वेळा सांगितलं असेल देव जाणे.

मला मात्र नोएडा फळलं होतं. परदेशी कंपन्यांसाठी गेम बनवणाऱ्या एका ऑफिसात मला नोकरी लागली. काचेची इमारत, एसी, घरापासून घरापर्यंत कॅब. पुण्याच्या आत्याने फोनवर विचारलं, "म्हणजे दिवसभर खेळता की काय?" बाबा तिला "सॉफ्टवेअर" एवढंच सांगायचे आणि विषय बदलायचे. खरं सांगायचं तर आत्या फारशी चुकत नव्हती.

आमचा गेम एका जुन्या राज्यातला होता. डोंगरात जाऊन लोखंड खणायचं, गावातल्या भट्टीवर आणायचं, तलवारी आणि ढाली घडवायच्या आणि शत्रूशी लढायला निघायचं. माझ्याकडे भट्टीचं काम होतं. कशाला किती लोखंड लागेल आणि घडवलेली वस्तू मोडली तर किती परत मिळेल, हे मी ठरवायचे. आमचा सिनियर पक्का दिल्लीवाला, खुर्चीत मांडी घालून बसणारा. एक दिवस म्हणाला, "घर पे किसी ऐसे से खिलवाओ, जिसने ज़िंदगी में गेम न खेला हो. हमें तो सब पहले से पता है, यार." असा माणूस शोधायला मला लांब जावं लागणार नव्हतं. संध्याकाळी मी सीडी घेऊन घरी आले आणि आईला कॉम्प्युटरसमोर बसवलं.

आधी तिने माऊस उचलून हवेत फिरवला. मग तो टेबलावर ठेवायचा असतो हे कळलं आणि पाटली टेबलाच्या कडेवर आपटायला लागली, खट, खट. आठवडाभरात ती सराईत झाली. शत्रूंशी तिला काही देणंघेणं नव्हतं. त्यांच्या बाजूने पळत सुटायची आणि म्हणायची, "तुमचं तुम्ही बघून घ्या." तिचा जीव रमला तो भट्टीवर. तिथल्या लोहाराला ती लोहारदादा म्हणायची. तलवार करायची, मोडायचं बटण दाबायचं, सगळं लोखंड परत. त्याची ढाल करायची, मोडायची, कुऱ्हाड करायची, मोडायची. दुपारभर हाच उद्योग. मी घरी आले की वरणाला फोडणी द्यायच्या आधी मला बातमी, आज काय काय मोडलं त्याची.

"अगं, पण यात काही जातच नाही," एकदा ती म्हणाली. "घट कशी नाही?"

मला घट म्हणजे पूजेतला घट माहीत. आम्ही दिल्लीत वाढलेली मुलं, आमचं मराठी जेवणखाण आणि ओरडा खाणं एवढ्यापुरतं. मग आईने सांगितलं. लहानपणी ती आजीबरोबर सोनाराकडे जायची. दागिना आटवायला दिला की त्याच्यासमोर जमिनीवर बसून राहायचं, नजर हलवायची नाही. आटवलेलं सोनं वजनाला कमीच भरतं. थोडं आटवायच्या मुशीला चिकटतं, थोडं कानशीच्या भुकटीत जातं, थोडं कुठे जातं ते त्या सोनारालाही सांगता येत नाही. ती घट. आणि सोनार आपल्या दुकानातला केर कधी गटारात टाकत नाही. झारेकरी येतात, तो केर घेऊन जातात आणि धुऊन धुऊन त्यातून सोन्याचे कण काढतात.

"सोनार म्हणाला घट आलीच नाही, तर जास्त सावध व्हायचं," आई म्हणाली. "म्हणजे त्याने काहीतरी मिसळलंय. तुमचा हा लोहार एक तर संत आहे, नाहीतर चोर."

मी हे ऑफिसात सांगितलं आणि सगळे खो खो हसले. सिनियर मात्र हसला नाही. परदेशातल्या कंपनीच्या लोकांनीही भट्टीबद्दल तक्रार केली होती. मोडायला काही लागतच नाही, त्यामुळे कुणी मोडण्याआधी विचार करत नाही, असं त्यांचं म्हणणं. मग वाद जुंपला. एक जण म्हणाला, खरं लोखंड तापवून ठोकलं की दर वेळी त्याची पापुद्र्यासारखी खपली गळून पडते, कमी होणारच, मग गेममध्ये का नको? दुसरा म्हणाला, "लोग ऑफिस से थककर घर आते हैं, यार. वहाँ भी नुक़सान ही दिखाओगे?" मी घटीच्या बाजूने तावातावाने भांडले. कधी सोनाराच्या दुकानाची पायरी न चढलेली मी, पण ऐकणाऱ्याला वाटावं, जन्म भट्टीवर काढलाय. शेवटी माझंच चाललं. मोडलं की लोखंड कमी परत येणार, आणि गेलं ते गेलं. एकच गोष्ट मला टोचत होती. सोनाराकडचं गेलेलं सोनं निदान झारेकऱ्याच्या घरी तरी जातं. आमच्या गेममधलं लोखंड कुठेच जात नव्हतं, नुसती वजाबाकी.

याच सुमारास माझं लग्न ठरलं. मुलगा पुण्याचा, नोकरी गुडगावात. त्यांच्याकडून काही मागणी नव्हती, पण आत्याचा रोज फोन. "हाराचं काय झालं? वहिनी पाटल्या मोडणार होती ना?" बाबाही रोज जेवताना तेच विचारायला लागले. आई म्हणायची, "मोडायच्याच आहेत, पण माझ्या डोळ्यांदेखत आटवायच्या. त्या मोठ्या शोरूममध्ये नको. आपल्याला चहा पाजतात आणि दागिना आत घेऊन जातात." तिने ओळखीतून करोल बागेतला एक गलाईवाला शोधून काढला. सोनं-चांदी गाळायचं काम करणारी आपल्या सांगली-साताऱ्याकडची माणसं देशभर पसरली आहेत, त्यांतलाच हा एक. शनिवारी जायचं ठरलं.

त्या आठवड्यात मी नवी सीडी घरी आणली. आईने गेम पहिल्यापासून सुरू केला. पहिली तलवार प्रत्येकाची सारखीच असते, बोथट, ओबडधोबड. आईने ती केली आणि सवयीने मोडली.

"हे काय? कमी आलं."

"घट," मी ऐटीत म्हटलं. "तुझ्यामुळेच घातली."

आई हसली. "अच्छा! आता कसा तुमचा लोहार माणसात आला." मग तिने गेम पुन्हा पहिल्यापासून सुरू केला, पहिली तलवार पुन्हा केली, आणि त्यानंतर काही म्हणजे काही मोडलं नाही. लोखंड खणायची, पोती भरायची आणि भट्टीच्या दारावरून तशीच पुढे जायची. त्या बोथट तलवारीने ती शत्रूंशी लढायला लागली. दहा घाव घातले तरी शत्रू जागचा हलायचा नाही आणि आई मात्र सारखी मरायची.

मी वैतागले. "आई, मोड ना ती! तिच्यात लोखंड घाल आणि नवी कर. नवी कितीतरी चांगली आहे."

"राहू दे गं. ही बरी आहे."

"अगं, भाजी चिरली जाणार नाही तिने!"

"नाही तर नाही. पहिली आहे ती. मोडली तर नवी होईल, पण ही परत कुठून आणायची?"

बोलता बोलता ती डाव्या हाताने उजव्या मनगटातली पाटली फिरवत होती. गोल, गोल. मी ते पाहिलं आणि तरीही मला राग आला तो आई माझी भट्टी वापरत नाही याचाच. दुसऱ्या दिवशी मी सिनियरला सांगितलं की माझी आई काहीच मोडत नाहीये. तो म्हणाला, "जब कुछ जाता नहीं था तब तो ख़ूब तोड़ती थीं?" मी म्हटलं, हो, दिवसभर.

संध्याकाळी कॅबमध्ये बसले. ट्रॅफिक नेहमीसारखाच खोळंबलेला, आणि त्याचं वाक्य माझ्या डोक्यातून जाईना. काही जात नव्हतं तोवर आई खुशाल मोडत होती. जाणार म्हटल्यावर तिला एक बोथट, खोटी, पडद्यावरची तलवार मोडवेना. आणि शनिवारी आम्ही तिच्या पाटल्या मोडायला निघालो होतो. घरी जाऊन सरळ विचारावं असं वाटलं, पण मी माझ्या आईला ओळखते. ती म्हणाली असती, "वेडी आहेस का? ठरलंय ना?" इतकी वर्षं चार लोकांत सांगितलेला शब्द ती स्वतःच्या तोंडाने मागे घेणाऱ्यातली नव्हती.

शनिवारी आम्ही करोल बागेत पोचलो. अंधारा जिना, वर एक खोली, कोपऱ्यात भट्टी, तेजाबाचा आंबट वास. गलाईवाला पन्नाशीचा, गळ्यात तुळशीची माळ. मराठी ऐकून आई खुलली. कुठलं गाव, कुठला तालुका, कोणता एसटी स्टँड, अशी चौकशी झाली. त्याचं गाव आईच्या माहेरापासून फार लांब नव्हतं. त्या बोलण्यात बराच वेळ गेला आणि मला वाटत होतं, असाच जावा.

शेवटी तो म्हणाला, "काढा पाटल्या, आई."

पाटल्या निघेनात. आईचे हात आता लग्नातल्यासारखे राहिले नव्हते. त्याने साबणाचं पाणी आणलं, मग हातावर प्लॅस्टिकची पिशवी चढवून बघितली. पाटली अंगठ्याच्या हाडाशी यायची आणि अडायची. आई म्हणाली, "दोन दिवस घरी तेल लावून बघत होते." हे मला नवीन होतं. तिने घरात कुणाला पत्ता लागू दिला नव्हता.

"कापाव्या लागतील," तो म्हणाला. "काही बिघडत नाही, नाहीतरी आटवायच्याच आहेत. तुमच्यासमोर करतो. घट येईल तेवढी येईल, लपवाछपवी नाही."

"बरोबर आहे," आई म्हणाली आणि तिने हात त्याच्या लाकडी ठोकळ्यावर ठेवला.

त्याने कटर घेतलं. आईची मूठ मिटली.

"मूठ सोडा, आई."

तिने सोडली. कटर जवळ आलं आणि मूठ पुन्हा मिटली. चेहऱ्यावर मात्र पाहुण्यांकडे फोटो काढून घेताना असतं तसलं हसू. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि ते तिलाही कळलं नसावं.

"थांबा," मी म्हटलं. "मला हार नकोय."

दोघांनी माझ्याकडे पाहिलं. आई म्हणाली, "काहीतरीच काय? ठरलंय आपलं."

"कुणी ठरवलं? मला विचारलं कुणी? मला जड हार मुळी आवडतच नाही. गळ्यात लोढणं बांधून ऑफिसला जाऊ का मी?" माझा आवाज चढला तो मी मुद्दाम चढवला. आईचा शब्द आईला मोडता येत नव्हता, पण पोरीने हट्ट केला तर आई काय करणार? "घालणार नाही मी. केलात तरी कपाटात पडून राहील."

"तोंड सांभाळ," आई कडाडली. "परक्या माणसासमोर काय बोलतेस?" पण एवढं बोलेपर्यंत तिचा हात ठोकळ्यावरून निघून पदराखाली गेलासुद्धा.

गलाईवाल्याने एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघितलं आणि कटर खाली ठेवलं. "आज काम नाही म्हणायचं," तो म्हणाला. "मग चहा तरी घ्या." चहा पाजणाऱ्या दुकानदारांवर जिचा विश्वास नव्हता, त्या माझ्या आईने तो चहा निमूट घेतला, आणि वर बिस्किटही.

जिना उतरताना तिने मला प्रत्येक पायरीवर झाडलं. लाज काढलीस, लाडाने बिघडलीस, आता आत्याला काय तोंड दाखवू. मी ऐकून घेत होते. इतकं मनापासून, इतक्या आनंदाने मी कधीच ओरडा खाल्ला नसेल. रस्त्यावर आल्यावर ती छोले-कुलच्याच्या गाडीपाशी थांबली, एक प्लेट संपवली आणि दुसरी मागितली. "सकाळपासून घास उतरत नव्हता गं," ती म्हणाली आणि लोणच्याची मिरची कचाकचा चावली.

रिक्षात बसल्यावर तिने हळूच विचारलं, "तुला नक्की नकोय ना? नंतर म्हणशील."

"बिल्कुल नकोय."

तिने मोठा श्वास सोडला आणि डोकं माझ्या खांद्यावर टेकलं. मलाही इतकं हलकं वाटलं की यमुनेच्या पुलावरचा तो कुबट वाससुद्धा चालून गेला.

घरी बाबांनी दार उघडलं आणि पहिला प्रश्न केला, "घट किती आली?"

"तुमच्या लेकीला विचारा," असं म्हणून आई तडक स्वयंपाकघरात गेली. बाबा माझ्याकडे बघायला लागले. मी काही बोलणार, तेवढ्यात आतून आवाज आला, पाटली ओट्यावर आपटल्याचा. बाबा मटकन खुर्चीत बसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "त्या आवाजाशिवाय मला सकाळी उठायला जमलंच नसतं."

"मग बोलला का नाहीत?" मी जवळजवळ ओरडलेच.

"ठरलं होतं ना," बाबा म्हणाले.

सोमवारी ऑफिसात गेल्यावर मी पहिलं काम केलं ते हे की पहिल्या तलवारीचं मोडायचं बटण काढून टाकलं. बाकी सगळं मोडता येईल, घटही येईल, पण पहिली मोडायची सोयच नाही. सिनियरने विचारलं, "इसका लॉजिक क्या है?" मी म्हटलं, "पहली है." तो खुर्चीतली मांडी बदलून म्हणाला, "चलो, रहने दो." गेम पुढे बाजारात आला आणि फारसा चालला नाही. त्याचं मला कधीच फार वाईट वाटलं नाही.

नवी सीडी मी घरी आणली तेव्हा आई पहिली तलवार करायला भट्टीवर गेली आणि बराच वेळ काहीतरी शोधत राहिली.

"अगं, इथलं ते मोडायचं बटण कुठे गेलं?"

"काढलं. पहिलीला आता ते नाहीच."

"बरं केलंस," ती म्हणाली. मग ती बोथट तलवार घेऊन शत्रूवर धावून गेली आणि टेबलाच्या कडेवर खटखट सुरू झाली. एवढ्यात बाहेर फोन वाजला. आईने माऊस सोडला नाही, मानही वळवली नाही.

"आत्या असेल. तिला सांग, तूच नको म्हणालीस."

"मीच नको म्हणाले," मी म्हटलं आणि फोन घ्यायला उठले.